दगडापासून तीनशे दहा पावलं

९ एप्रिल, बुधवार

माफ कर. आठ महिन्यांनी तुला उघडतोय, आणि तेही चष्म्याची डबी शोधताना हाताला लागलीस म्हणून. लिहायला काही नव्हतं असं नाही. हात उचलत नव्हता. आज उचलला, कारण बोलायला दुसरं कुणी नाही.

दुपारी मुलीने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. धावायच्या वाटा! आमच्या गावाभोवती तीन. खाण बंद पडून एकतीस वर्षं झाली, आणि आता शहरातली माणसं इथे धावायला येणार. कुणी मागे लागलेलं नसताना. मुलगी शाळेत खेळ शिकवते, दोन वर्षं या वाटांच्या मागे आहे. कचेरीत खेटे घातले, दगडांवर बाण रंगवले, काटेरी झुडपं स्वतः तोडली. पिवळी वाट जुन्या रुळांच्या कडेने जाते, सपाट आहे. तांबडी राखेच्या टेकडीवरून, दम काढणारी. निळी सगळ्यात देखणी. स्मारकाच्या दगडापासून निघते, तळ्याला वळसा घालते आणि कड्यावर चढते. तिथून सगळं खोरं दिसतं.

चार मे, रविवारी पहिली शर्यत. निळ्या वाटेवर. एकशे चाळीस नावं आलीत. त्यात तिच्या शाळेतली तीस मुलं.

मी तळ्याच्या वळणावर बोट ठेवलं. “इथून का नेलीस?”

“तिथून तर सगळ्यात छान दिसतं, बाबा. बाकडं पण टाकलंय. कप उचला आधी, नकाशावर सांडेल.”

चहा बशीत आधीच सांडला होता. तिला वाटलं वयामुळे.

११ एप्रिल, शुक्रवार

दोन रात्री डोळा नाही. डॉक्टर म्हणतो गॅस. असेल बापडा.

१२ एप्रिल, शनिवार

तुला तरी सांगून टाकतो. तू कुणाला सांगायला जाणार नाहीस.

कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचेच जाड खांब ठेवायचे असतात. त्यांच्यावर छत उभं राहतं, आणि छतावर डोंगर. शेवटच्या वर्षांत चांगला थर संपत आला, वरून रोज ओरड, डबे भरा, डबे भरा. मग आमच्या मुकादमाने खांब खायला लावले. खाणे म्हणजे कडेकडेने तासून बारीक करणे. तेवढ्याने भागेना, तेव्हा हद्दीच्या पुढे एक चोरटी खोली काढली. ती कुठल्याही नकाशात नाही. नकाशावर खांब भरलेले, हद्द सरळ, आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही. पाचवी शिकलेला माणूस, सही करता येते म्हणून केवढा मान वाटला होता तेव्हा.

त्या खोलीत माझा दादा गेला. अडतीस वर्षं झाली. छत बसलं. आम्ही तिघे होतो, मुकादम, मी आणि भोंगा. भोंगा म्हणजे पुढे पाळीचा भोंगा वाजवायला लागला तो. मुकादम म्हणाला, “इथे सापडला तर खाण बंद, आपण आत, आणि त्याच्या बायकोला पेन्शन नाही. चार नंबरला न्या.” चार नंबर म्हणजे नकाशातला बोगदा. मी दादाला पाठीवर घेतलं, भोंग्याने मागून पाय धरले. दिवा एकच, तो मुकादमाच्या हातात, पुढे. अंधारात पावलं मोजायची आम्हा सगळ्यांची सवय, ती कशानेही सुटत नाही. तीनशे दहा भरली. चार नंबरच्या तोंडाशी दादाला ठेवला, वर दोन दगड पाडले.

त्याच जागेच्या बरोबर वर स्मारकाचा दगड आहे. दादाचं नाव आहे त्यावर. वहिनी दर बुधवारी तिथे फुलं ठेवते.

खोली त्या दगडापासून सरळ उगवतीकडे. वर जेमतेम वीस हात माती आणि खडक. आज सकाळी गेलो आणि दगडापासून मोजलं. तीनशे दहावं पाऊल बाकड्यापाशी पडलं. तळ्याच्या वळणावर. निळ्या बाणाच्या डोक्यावर.

एकशे चाळीस माणसं, एकदम, पाय आपटत.

१४ एप्रिल, सोमवार

मुलीला सांगितलं. सगळं नाही. म्हणालो, “वळणाखाली जमीन पोकळ आहे, पाण्याने.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतो. वीस वर्षं खाली होतो.”

जावई बस चालवतो, जेवायला घरी आलेला. म्हणाला, “बाबा, तुमच्या हिशोबाने आपला संडासपण पोकळीवर आहे. मागच्या वर्षी म्हणालात, गच्चीवर टाकी ठेवू नका, घर बसेल. बसलं का?”

हसले दोघं. मीही हसलो. काय करणार, इतकी वर्षं प्रत्येक गोष्टीला घाबरत आलो, आता खरी भीती कुणाला ओळखू येईना.

१६ एप्रिल, बुधवार

मुलीने कचेरीतल्या मोजणीवाल्याला बोलावलं. बापाचं मन राखायला. तरणाताठा, इस्त्रीचा शर्ट, नकाशा प्लास्टिकच्या नळीत. तळ्याकाठी उलगडला. “आजोबा, हे बघा. हद्द इथे संपते. पुढे खाण नाहीच. आणि अलीकडे खांब बघा कसे, भरभक्कम.”

खाली कोपऱ्यात माझी सही. अक्षर वाकडं, पण माझंच. त्याने माझ्याच सहीने मला खोटं पाडलं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. काय दिसलं तिला कोण जाणे. म्हणाली, “ठीक आहे. वळण सोडूया. वाट आतून नेते, पांढऱ्या खोडांच्या झाडांमधून. दगडाच्या जवळून. तिथे तर चालेल ना, बाबा?”

“तिथे चालेल.” छातीवरचा दगड उतरला.

१९ एप्रिल, शनिवार

बाण पुन्हा रंगवले. नऊ बाण. मुलगी कुरकुरली, पण रंगवले. बाकडंही झाडांत हलवलं. मी रंगाचा डबा धरून उभा होतो.

झाडांतली वाट खरं तर जास्त चांगली. सकाळचं ऊन खोडांमधून तिरपं येतं, खाली वाळलेली पानं, पायाचा आवाजच होत नाही. दोन बायका सराव करत गेल्या. अंगावर पोपटी सदरे, पायांत असले बूट की अंधारात दिवा नको. एक थांबून म्हणाली, “काका, किती सुंदर गाव आहे तुमचं.” मी मागे वळून पाहिलं, कुणाबद्दल बोलते म्हणून. आम्ही या गावाला काळतोंडं म्हणायचो.

बऱ्याच दिवसांनी भाकरीचा दुसरा तुकडा मागून घेतला.

२३ एप्रिल, बुधवार

आज लिहायलाच हवं.

वहिनीबरोबर दगडाशी गेलो. दर बुधवारी जातो, तिची पिशवी मी धरतो. पाठीतून पार वाकली आहे ती, मान वर करून बोलावं लागतं तिला. परत येताना दोनदा थांबली. मी म्हणालो, “वहिनी, असं चाललात तर शर्यतीत शेवटचा नंबर.”

“तुम्हाला काय जातं हसायला, भावजी. मी मोजते माहितेय? घरापासून दगडापर्यंत आधी सहाशे पावलं होती. आता अकराशे होतात. दगड लांब गेला म्हणायचा की मी आखूड झाले?”

आणि हसली. मी नाही हसू शकलो.

खाली छत चार फुटांवर होतं. वाकून, गुडघे दुमडून, पाठीवर दादा. ती पावलं आणि माझी दगडापासूनची पावलं एक कशी? सरळ उभा राहून, काठी टेकत, फिरायला निघाल्यासारखा मोजत गेलो! वीस वर्षं खाली काढली आणि हे सुचलं नाही. तीनशे दहा वाकडी पावलं म्हणजे सरळ किती? निम्मी असतील. निम्मी म्हणजे कुठे?

म्हणजे झाडांमध्ये. मी चालेल म्हणालो तिथे. रंगाचा डबा धरून उभा राहिलो तिथे.

२५ एप्रिल, शुक्रवार

भोंग्याकडे गेलो. तो आणि मी, दोघेच उरलो आहोत. अंगणात खुर्ची टाकून बसला होता, कान पार गेलेत, ओरडून बोलावं लागतं. असली गोष्ट ओरडून कशी बोलायची? पाटीवर लिहून दाखवली.

वाचली. पुसली. म्हणाला, “अडतीस वर्षं उभी आहे ना खोली? मग उभी राहील.”

मी लिहिलं, शर्यत.

“वाट हलव म्हणावं परत.”

“काय सांगून?” हे मी ओरडलो.

“तूच सांग ना काहीतरी. साप दिसला म्हण.” मग माझा हात धरला. “वहिनीचा विचार कर. या वयात तिच्या हातातला दगडपण काढून घेणार का?”

शेजारची बाई कपडे वाळत घालता घालता थांबून बघत होती. मी उठलो.

२६ एप्रिल, शनिवार

मुलगी बाजारात, जावई कामावर. पुढच्या दारापासून मोरीपर्यंतचा बोळ सरळ चालून मोजला. चौदा पावलं. मग दोन्ही बाजूंच्या खिळ्यांना चार फुटांवर सुतळी बांधली, बटाट्याचं पोतं पाठीवर घेतलं आणि सुतळीखालून चाललो. दोनदा मोजलं. एकोणतीस.

दुसऱ्या खेपेला मोरीपाशी पोचलो आणि उठता येईना. तसाच बसलो, पोतं पाठीवर. तेवढ्यात दार उघडलं.

“बाबा! हे काय चाललंय?”

“मोजतोय.”

“बटाटे?”

“पावलं.”

तिने पिशव्या खाली ठेवल्या. पोतं उतरवलं. पाणी दिलं. मग सुतळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, वाट परत हलवायला हवी, चुकीच्या जागी आणली, मीच आणली. ती रागावेल असं वाटलं होतं. रागावलीच. “आधी तिकडे म्हणालात, आता इकडे म्हणताय, उद्या स्वयंपाकघरात म्हणाल. आठ दिवस राहिलेत, बाबा. लोक हसतात मला. मोजणीवाला तर सरळ म्हणाला, मॅडम, वडिलांना डॉक्टरला दाखवा. मी कशाच्या जोरावर बोलू? तुम्ही मला एक कारण द्या. एक.”

मी पेल्यातलं उरलेलं पाणी प्यायलो.

तिने पोत्याकडे बघितलं. हळू आवाजात विचारलं, “पाठीवर कोण होतं?”

हुशार आहे. आईवर गेली.

सांगितलं. मोरीच्या उंबऱ्यावर बसून, सगळं. खांब, खोली, सही, दादा, चार नंबर.  ती सुतळी सोडून बोटाभोवती गुंडाळत राहिली, बोट पांढरं होईपर्यंत. मग कागद घेतला आणि हिशोब केला. तीनशे दहाचे दीडशे.

“झाडांमधलं बाकडं,” ती म्हणाली. “मी तिथे मुलांना रांगेत उभं करून उड्या मारायला लावते. गेले चार दिवस.”

मग म्हणाली, “हे सगळं लिहून सही करायची. मी कचेरीत देते. पण काकूला तुम्ही सांगायचं. माझ्या तोंडून ऐकू नये तिने. तिने मला वाढवलंय.”

२८ एप्रिल, सोमवार

दुसरी सही केली. पहिलीपेक्षा वाकडी आली.

मग वहिनीकडे. मागच्याच गल्लीत घर, पण तीनदा दारावरून पुढे गेलो. ती खिडकीतून म्हणाली, “भावजी, गस्त घालताय की यायचंय?”

ती मटार सोलत होती. मी ताट ओढून समोर बसलो आणि सोलता सोलता बोललो. हातांना काम असलं की बोलता येतं. तिने सोलणं थांबवलं नाही. सगळं संपल्यावर एक शेंग हातात तशीच राहिली.

“म्हणजे ते तिथे गेलेच नाहीत. दगडापाशी.”

“नाही.”

“आणि तुम्ही दर बुधवारी माझ्याबरोबर यायचात. पिशवी धरायचात.”

मी हातातली शेंग ताटात ठेवली.

“ठरवलं कोणी?”

“मुकादमाने.”

“उचललं कोणी?”

“मी.”

 नळ ठिबकत होता. मग म्हणाली, “एकच सांगा. लगेच गेले ना ते? काही कळलं नाही ना त्यांना?”

“हो,” म्हणालो. “लगेच.”

“मग असू दे.” उठली, दार उघडून धरलं. निघताना सोललेल्या मटारचा डबा हातात दिला, नेहमीसारखा. घरी येऊन मी तो उघडला नाही.

३० एप्रिल, बुधवार

दगडाशी एकटाच गेलो. ती आली नाही.

तिथून झाडांत. कचेरीने भोक पाडायचं यंत्र आणलं होतं. मोजणीवाला माझ्याशी फारसं बोलत नव्हता, पण आजोबाच्या जागी साहेब म्हणत होता. मुलीने फीत लावून जागा दाखवली. दीडशे पावलं, झाडांतल्या बाकड्यापासून दोन हात अलीकडे.

पहिलं भोक, खडकच खडक. मोजणीवाल्याने घड्याळ बघितलं. मला वाटलं, चला, वेडा ठरलो, बरं झालं! खरंच वाटलं तसं. दुसरं भोक चार हात पुढे. यंत्र घरघरत होतं, एकाएकी आवाज पातळ झाला आणि दांडा हातभर आपोआप खाली गेला. चालवणाऱ्याने झटकन बटण दाबलं. सगळे मागे सरले. भोकातून गार हवा आली. तो वास मी अडतीस वर्षांनीही ओळखला.

मोजणीवाल्याने दोरी सोडून बघितली. खाली पोकळी, आणि वर खडक उरला होता तो आठच हातांचा. बाकीचं छत कधीच गळून गेलेलं. तो म्हणाला, “शाळेतली तीस मुलं जरी एका तालात...” आणि वाक्य सोडून दिलं.

मुलगी बाजूला जाऊन एका झाडाला पाठ लावून बसली. मी जवळ गेलो. तिने माझा हात धरला नाही, झटकलाही नाही.

४ मे, रविवार

शर्यत झाली. पिवळ्या वाटेवर, जुन्या रुळांच्या कडेने. निळीला दोन्ही तोंडांना तारेचं कुंपण आणि पाटी. लोकांना थोडा हिरमोड झाला, कड्यावरून दिसतं ते दिसलं नाही म्हणून. जावयाने शेवटच्या वळणावर पाण्याचं टेबल मांडलं होतं आणि सगळ्यांना ओरडून सांगत होता, “पळा, पळा, इथे जमीन पक्की आहे, सासऱ्याने तपासलीय.”

एकशे सदतीस निघाले. मी शेवटच्या रेषेशी खुर्ची टाकून मोजत बसलो. एकशे सदतीस आले. शेवटचा मनुष्य लंगडत आला, त्याच्यासाठी मीच टाळ्या वाजवल्या.

वहिनीच्या खिडकीचा पडदा बंद. मुलगी जाऊन आली. काकू बोलते, जेवते, बरी आहे म्हणाली. माझ्याबद्दल विचारलं का? नाही विचारलं.

६ मे, मंगळवार

चिठ्ठी मुलीच्या हाती दिली, चिकटवून. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे नंतर शब्द फिरवता येणार नाही.

वहिनी, मटार सोलताना मी खोटं बोललो. दादा लगेच गेला नाही. पाठीवर घेतलं तेव्हा जिवंत होता, बोलत होता. शंभर पावलांवर बाहेर नेणारा फाटा होता. तो आम्ही सोडला आणि चार नंबरकडे गेलो. दादाने विचारलं, “वरच चाललोय ना?” मी हो म्हणालो. उद्या बुधवार, पिशवी धरायला येऊ की नको, ते तुम्ही ठरवा. पण लवकर कळवा.